बवाजानं पाणीसुद्धा दिलं होतं: आमच्या मंडळीच्या पंचांना खुलं पत्र

मा. पाळकसाहेब, पंच मंडळाचे सर्व सभासद आणि मंडळीतल्या भावाबहिणींनो,

जय ख्रिस्त.

येत्या रविवारी उपासनेनंतर नाताळच्या खर्चाची बैठक आहे. बैठकीत मी बोलायला उठले की 'सिस्टर, थोडक्यात' असा आवाज येतोच, म्हणून यंदा लिहूनच देते आहे. लिहिलेल्याला मध्येच कुणी खाली बसवू शकत नाही. पत्र कुणाच्या विरोधात नाही. सुरुवात तर माझ्याच चुकीपासून आहे.

गेल्या वर्षी २३ डिसेंबरच्या रात्री आपली नाताळगाण्यांची फेरी निघाली होती. टेम्पोवर मोठा तारा, मागे जनरेटर, तरुण संघाची पोरं आणि फळीला टेकून बसलेल्या आम्ही तीन-चार म्हाताऱ्या. कॅनॉलच्या पुलाजवळ ऊसतोडवाल्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडल्या होत्या. पोरांना वाटलं, इथंही दोन गाणी म्हणावीत. म्हटली. तिथली चिल्लीपिल्ली नाचली, आपण करंज्यांच्या पिशव्या आणि केकचे तुकडे वाटले, फोटो काढले. ते फोटो टेम्पो हलायच्या आधीच ग्रुपवर आले होते.

त्या गर्दीत एक बाई माझ्यासमोर आली. वय पंचविशीच्या आत. सातवा महिना तरी असावा. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, ओठ पांढरेफटक. म्हणाली, "मावशी, डोकं लई दुखतंय, गोळी हाय का एखादी?" गरोदर बाईचं अंग सुजलंय आणि डोकं दुखतंय म्हटल्यावर हातातलं सगळं टाकून आधी बीपी बघायचं, हे मी पस्तीस वर्षं वॉर्डात नव्या पोरींना शिकवलं. त्या रात्री मी काय केलं? पर्समधली तापाची गोळी काढून दिली आणि टेम्पोत चढले. पुढच्या घरी चहा तयार होता, सारखे फोन येत होते.

२६ तारखेला बीपीचं मशीन घेऊन गेले. कोप्या नव्हत्या. त्या शिवारातला ऊस संपला होता, टोळी दुसऱ्या गटात गेली होती. तीन दगडांच्या चुली, राख आणि आपल्या करंज्यांची एक रिकामी पिशवी तेवढी मागे राहिली होती. मुकादमाचा नंबर कुणाकडे नव्हता. त्या पोरीचं पुढं काय झालं, मला आजही माहीत नाही. तिचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी जे केलं ते प्रायश्चित्त म्हणा नाही तर म्हातारपणीचा उद्योग म्हणा. जानेवारीत आपल्या हॉलच्या मागच्या पडीक रानात दुसरी टोळी उतरली. मार्च संपेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत, मी दर गुरुवारी संध्याकाळी तिथं जात होते. सोबत गावातल्या आशाताई, म्हणजे आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा सेविका, असायच्या. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक आहे, कारण 'सिस्टर हल्ली पालावर असतात' असं तुम्हीच एकमेकांना सांगता. तिथं काय बघितलं ते मात्र कुणी विचारलं नाही, म्हणून सांगते.

नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसं मोजायची ती अशी, हत्यारावरून. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने घर सोडायचं. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, अंधारातच फडात पोचायचं, तोडायचं, साळायचं म्हणजे पाला काढायचा, मोळ्या बांधायच्या आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला. एक दिवस चुकला तर खाडा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी नाही आणि वर दंड. २०२४ च्या सुरुवातीला झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, तरी एक टन ऊस तोडून, बांधून, भरून हातात साडेतीनशेच्या थोडेच वर पडतात. तेही दोघांत.

मी रक्तवाढीच्या लाल गोळ्या घेऊन गेले होते. पहिल्या गुरुवारी वाटल्या, दुसऱ्या गुरुवारी बघते तर तशाच चिंधीत बांधून ठेवलेल्या. मला राग आला, मी बोललेही. तेव्हा एका आजीबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. गोळीनं पोट गच्च होतं, संडासला काळी होते, वेळ लागतो. आणि जायचं कुठं? उजेडी रानात जाता येत नाही, शेतमालक ओरडतो. अंधारात सापाकिरड्याची भीती, आणि माणसांचीही. म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. पाणी पीत नाहीत म्हणून लघवीला जळजळ. पाळीच्या दिवसांत तेच फडकं, धुवायला पाणी नाही, वाळवायला आडोसा नाही. मग अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते. मग हंगाम संपल्यावर गावाकडचा कुणी डॉक्टर सांगतो, गर्भाची पिशवी काढून टाक, कटकट मिटेल.

बीडमधल्या गर्भपिशव्यांची बातमी २०१९ साली गाजली, तेव्हा आपणही हळहळलो होतो. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे जवळजवळ दर सहावी बाई. त्यातली प्रत्येक शस्त्रक्रिया विनाकारण झाली असं मी म्हणणार नाही. कागद बघितल्याशिवाय नर्सनं तसं म्हणू नये. पण वाचताना मला वाटायचं, हे कुठल्या तरी खासगी दवाखान्यात घडतं, दूर, बीडला. पालावर तीन महिने बसल्यावर कळलं की त्या शस्त्रक्रियेची सुरुवात दवाखान्यात होतच नाही. ती सुरू होते पाण्याच्या हंड्यापाशी आणि संडासच्या दारापाशी. आणि ती दारं आपल्या गावात आहेत.

आता पाळकसाहेब, तुमच्याकडे वळते.

यंदाच्या सुगीच्या सणाला तुम्ही बायबलातल्या रूथवर फार चांगलं बोललात. खरंच बोललात, माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून नामीचं कुटुंब मवाबात पोट भरायला गेलं, तिथं घरातली पुरुष माणसं गेली, आणि परतताना सोबत आली ती परक्या मुलखातली सून. ती बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागे सरवा, म्हणजे गळालेली कणसं, वेचत होती. सासू-सुनेच्या मायेवर तुम्ही वीस मिनिटं दिलीत. शेतमालकावर दोनच. मला ती दोन मिनिटं अपुरी वाटली, कारण आपल्या बाकांवर सासू-सुना आहेत तसे शेतमालकही पुष्कळ आहेत.

बवाजानं काय काय केलं, ते पुन्हा उघडून बघा, दुसरा अध्याय. आपल्या गड्यांना बजावलं की हिला कुणी त्रास द्यायचा नाही. तिला सांगितलं, तहान लागली की गड्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यांतलं पाणी पी. आणि गड्यांना आणखी सांगितलं की पेंढ्यांतून थोडं मुद्दाम गळू द्या, तिला वेचू द्या, बोलू नका. दया वगैरे शब्द आपण नंतर लावले. त्यानं रानातल्या तीन गोष्टी नीट लावल्या, एवढंच. आणि सरवा ठेवणं हा त्याचा मोठेपणाही नव्हता. बायबलातल्या लेवीयच्या पुस्तकात तशी आज्ञाच होती की शेताच्या कडा कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं आहे.

आपल्याकडे सरव्याला काय म्हणतात? वाढं म्हणतात. उसाचा शेंडा. टोळीवाले वाढ्याच्या पेंढ्या बांधून गायी-म्हशीवाल्यांना विकतात. उचलीच्या हिशेबाबाहेरचा, रोजच्या मिठा-मिरचीचा रोकड पैसा तो तेवढाच, आणि बहुतेक ठिकाणी तो बाईच्या हातात असतो. गेल्या हंगामात आपल्याच मंडळीतल्या एका बागायतदार भावानं निम्मं वाढं माझ्या गोठ्यात टाकायचं असं बजावून सांगितलं. नाव लिहीत नाही. त्यांना कळेल, आणि ते माझ्याशी बोलायचं थांबणार नाहीत एवढी आमची ओळख आहे. त्यांची बाजूही मी ऐकली आहे. मजूर खुशाली, म्हणजे मजुरीवरचे जादा पैसे, मागतात, दिली नाही तर फड अडवून ठेवतात, ट्रकवाला वेगळे पैसे मागतो, कारखान्याची तोड वेळेवर येत नाही, ऊस वाळून वजन घटतं. खोटं नाही यातलं काही. शेतकरीही पिचलेला आहे. पण या साखळीत सगळ्यांत वरच्याशी भांडता येत नाही म्हणून सगळ्यांत खालच्याचं वाढं घ्यायचं, याला बवाजाच्या शेतात जागा नव्हती. शेतं कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत ओरडत जाते, असं याकोबानं बायबलातल्या त्याच्या पत्रात लिहिलंय. विश्वास आणि कृतीबद्दलचं त्याचं वचन आपल्या हॉलच्या भिंतीवर रंगवलेलं आहे. हे मजुरीचं वचन त्याच पत्रात थोडं पुढं आहे, पण ते कुणी रंगवत नाही.

याच सुगीच्या सणाच्या लिलावात एक गावठी कोंबडा चढत चढत कितीला गेला, ते सगळ्यांनी टाळ्या वाजवून बघितलं. मीही वाजवल्या. बोली लावणाऱ्यांचा हात सढळ आहे, हे मला त्या दिवशी पुन्हा पटलं. म्हणून तर लिहायचं धाडस करते आहे.

आता थोडं मागचं. माझी पणजी दुष्काळात मिशनच्या अनाथालयात आलेली पोर. तिच्या मागचं कुणी शिल्लक नव्हतं. ती मूळची कुठली, तर आज जिथून कोयते येतात त्याच पट्ट्यातली, पाथर्डीकडची. तुमच्यापैकी निम्म्या घरांची गोष्ट हीच आहे. फक्त आडनावं साहेबी झाल्यापासून ती कुणी सांगत नाही. नगर जिल्ह्याचं, आता अहिल्यानगर म्हणू या, हे एक विचित्रच आहे. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्याची सुरुवात १९५० साली इथंच, लोणीला झाली. आणि त्याच जिल्ह्याची पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची माणसं दुसऱ्यांचा ऊस तोडायला जातात. धरणाचं पाणी ज्या बाजूला गेलं त्या बाजूला आपण राहिलो, एवढाच आपल्यात आणि त्यांच्यात फरक.

आपल्याच शेजारी राहुरीला रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंनी दुष्काळात पोरकी झालेली मुलं घरात घेऊन वाढवली. कडक सोवळ्याओवळ्यात वाढलेली बाई ती. तिला हे किती जड गेलं असेल, आणि तरी तिनं केलं. पंडिता रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण दुष्काळात अन्नावाचून गेले होते. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली-बायका घेऊन आल्या आणि दौंडजवळच्या केडगावला त्यांना विणकाम, छपाई, तेलघाणा असली पोटाची कामं शिकवली. आपण रमाबाईंची जयंती करतो, मुली नऊवारी नेसून भाषणं करतात. पण एक गोष्ट त्या भाषणांत कधी ऐकली नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या प्लेग छावणीत बायकांना जी वागणूक मिळत होती, त्याबद्दल रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला खडसावलं. सरकार ख्रिस्ती माणसांचं होतं, त्यांच्या ओळखीपाळखीच्या लोकांचं होतं, तरी लिहिलं. तेव्हा आपल्याच माणसांना खुलं पत्र लिहिणं हा माझा आगाऊपणा असेल, पण घराण्याला धरून आहे.

मागच्या वेळी मी विषय काढला तेव्हा पंचांपैकी एकजण म्हणाले, "सिस्टर, दिवस बरे नाहीत. पालावर गेलो की धर्मांतराची बोंब होईल." ही भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण त्यावर उपाय माझ्या अनुभवात फार साधा निघाला. मी पत्रक नेलं नाही, गाणं म्हटलं नाही, प्रार्थनासुद्धा घरी करून निघायचे. आशाताई सोबत असायच्या, त्या माळकरी आहेत. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांच्या भजनी मंडळातल्या दोघी यायला लागल्या. उपकेंद्राच्या नर्सबाई मुस्लिम. आम्ही पाचजणी चटईवर बसलो की त्यात कोण कोणाचं, हे बघायला पालावरच्या कुणालाही सवड नव्हती. एकदा एका मुलीनं विचारलं, तुम्ही का येता? मी म्हटलं, मागच्या नाताळात माझ्याकडून एक चूक झाली होती. तिनं मान डोलावली आणि भाकरी उलटली. माझी साक्ष म्हणाल तर तेवढीच.

दुसरी भीती मात्र मला ऐकवत नाही. 'सवय लागेल त्यांना.' कसली सवय? पाण्याची?

तुम्ही विचाराल, नेमकं करायचं काय. पालावर नाताळ साजरा करा, असं माझं म्हणणं नाही. ब्लँकेट वाटून फोटो काढायलाही चला असं म्हणत नाही. ब्लँकेट द्यायची तर द्या, मोबाइल घरी ठेवून या. मंडप, रोषणाई, बिर्याणी बंद करा, असंही नाही. करंज्या मीही तळणार आहे, आणि यंदा सारण कमी पडलं तर महिला मंडळाला मी जबाबदार धरणार आहे. माझं म्हणणं आपल्या धंद्या-नोकरीबद्दल आहे. रविवारच्या दीड तासाबद्दल नाही.

आपल्यात जिल्हा परिषदेचे किती शिक्षक आहेत! वर्षाच्या मध्येच आलेलं मूल दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात ते स्पष्ट आहे. हे मी तुम्हाला सांगावं असं नाही, तुम्हालाच जास्त माहीत. हॉलच्या मागच्या टोळीत शाळेच्या वयाची अकरा मुलं होती. सकाळी आई-बाप फडात गेले की ती धाकट्यांना सांभाळत कोप्यांपाशी बसायची. आपल्या शाळेची घंटा त्यांना तिथं ऐकू यायची. हंगामात एक दिवस शाळा सुटल्यावर पालावर चक्कर मारा, नावं लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन जा. नुसतं 'पाठवा' म्हटलं तर ती येत नाहीत, मी बघितलंय.

बागायतदार भावांनी वाढं सोडावं आणि तोड चालू असेल तोवर बोअरची एक तोटी चालू ठेवावी. मंडळीत एक मुकादमही आहेत, ते जाणतातच. गरोदर बाईला मोळी उचलायला लावू नका, आणि दवाखान्याच्या दिवसाचा खाडा धरू नका. बायबलातल्या जक्कय जकातदारानं लोकांचं घेतलेलं चौपट परत दिलं होतं. तुमच्याकडून मी चौपटीची अपेक्षा करत नाही, एक दिवस तर द्याल?

तरुण संघाकडे टेम्पो आहे, जनरेटर आहे, जागायची हौस आहे. रात्री-अपरात्री एखादीला कळा सुटल्या तर १०८ ला फोन लावून रस्त्यापर्यंत बॅटरी घेऊन उभं राहणारा एक पोरगा हवा असतो, कारण कोप्यांना पत्ता नसतो आणि गाडी चुकते. पालावर तुमच्यापैकी दोघांचे नंबर लिहून ठेवले तरी माझं काम झालं. मुकादमाचा नंबर तुम्ही घ्या. तो नंबर माझ्याकडे असता तर मागच्या वर्षीचा डिसेंबर वेगळा गेला असता.

मंडळीच्या कंपाउंडच्या कोर्टकेसवर मी या पत्रात काही लिहिणार नव्हते, आणि लिहीत नाही. वकिलाच्या फीचा आकडा मात्र वार्षिक सभेत ऐकला होता, तो कानात राहिला आहे.

आता पंच मंडळाकडे माझा एकच अर्ज, तो रविवारच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. आपल्या हॉलच्या मागे दोन संडास आणि एक न्हाणीघर आहे. टाकीला नळ आहे, पाणी असतं. लग्नाला हॉल भाड्यानं जातो तेव्हा ते उघडतात, एरवी वर्षभर कुलूप. मागच्या रानात टोळी उतरली की तिथून ते कुलूप ऐंशी पावलांवर आहे, मी मोजली आहेत. पहाटे तीन ते पाच आणि संध्याकाळी सहा ते दहा एवढाच वेळ बायकांसाठी ते उघडं ठेवावं. घाण होईल म्हणाल, तर फिनेल आणि झाडू माझ्या पेन्शनीतून, आणि रोज एकदा बघून येण्याची जबाबदारी माझी. लग्नाची तारीख असेल त्या दिवशी आधी सांगा, त्या बायकांना मी समजावून सांगेन. त्यांना दुसऱ्याच्या लग्नाची अडचण आपल्यापेक्षा जास्त कळते.

यंदाची टोळी परवा उतरली. बारा कोयते आहेत, त्यात दोघी पोटुशा. एकीचं बीपी काल घेतलं, ठीक आहे. दुसरी फडातून आली नव्हती, उद्या पुन्हा जाते आहे.

किल्ली कुणाकडे असते ते मात्र मला नक्की कळलेलं नाही. शिपाईदादा म्हणतात खजिनदारांकडे, खजिनदार म्हणतात ऑफिसच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली पाळकसाहेबांकडे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी रविवारी येताना घेऊन यावी.

आपली,
मंडळीची एक जुनी सभासद, निवृत्त सिस्टर